स्टुलावर न बसलेली

चित्राला पुढून पाहणारे पुष्कळ असतात. मी मागून पाहते. मोकोलाच्या चढावर, पेट्रोलपंपाच्या मागच्या गल्लीत माझं चौकटींचं दुकान आहे, आणि इबादान शहरातल्या निम्म्या चित्रकारांचे कॅनव्हास माझ्या हाताखालून ताणून जातात. माझे वडील मशिदींची दारं करायचे, मी चित्रांच्या चौकटी करते. हज करून आल्यापासून लोक मला अल्हाजा म्हणतात, त्याआधी नुसतं रिस्कात म्हणायचे, आणि त्याच्याही आधी ‘ती सुतारीण’. कॅनव्हास ताणून झाला की मागच्या लाकडावर मी पेन्सिलीनं चार गोष्टी लिहिते: नंबर, कोणासाठी, माप, तारीख. ही वडिलांची सवय. दार दुरुस्तीला परत आलं की ते कोणी आणि कधी केलं यावर वाद नको.

तेवीस वर्षं हे केल्यावर माणसांचीही मागची बाजू थोडीफार वाचता येते. वर्तमानपत्रवाला आला आणि ‘तुम्ही चित्रं का काढता’ असं विचारलं की आमचे चित्रकार काय काय सांगतात ते मी रंधा मारता मारता ऐकत असते. दाढीवाले बाबा लावुयी ‘मातीची हाक’ म्हणतात. मला माहीत आहे की त्यांच्या थोरल्या भावानं एका बारशात सगळ्या भावकीसमोर त्यांना निकामी म्हटलं होतं, आणि गेली तीस वर्षं ते त्या एका शब्दाला उत्तर देत बसलेत. एक बाई ‘स्त्रीची घुसमट’ रंगवते असं छापून येतं. तिला खरं म्हणजे निळा रंग सोडवत नाही, पण नुसत्या निळ्याबद्दल कोण कशाला छापेल? यात खोटं कोणी बोलत नाही. खरं कारण घरात ठेवायचं आणि बाहेर जाताना जरा बरं दिसेल असं दुसरं अंगावर घालायचं, एवढंच.

केहिंदेजवळ बाहेर घालायचं कारणच नव्हतं. एकच होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत केहिंदे राहायची, दुसरीत दोतुन. केहिंदे इग्बो-ओराची. त्या गावात घरटी जुळी जन्मतात. तिथं एकटा जन्मलेला माणूस थोडा बिचारा समजतात. नावावरून ती जुळ्यांतली हे सगळ्यांना कळायचंच. आमच्यात आधी बाहेर येतो तो तायवो, मागून येते ती केहिंदे, मुलगा असो की मुलगी. आणि मागून येते तीच थोरली, कारण तिनं धाकट्याला पुढे पाठवलेलं असतं, जग चाखून बघ म्हणून. पण तिची तायवो कुठे असते हे विचारलं की केहिंदे कॅनव्हासच्या मापाबद्दल बोलायला लागायची. सात वर्षांत तिनं तीन चित्रं पुरी केली होती. तिन्हींत एक मुलगी, आणि तिच्या शेजारी एक जागा सोडलेली: अर्धं बाकडं, अर्धी चटई, आणि तिसऱ्यात स्टूल. त्या जागेवर रंग नाही, नुसता कोरा कॅनव्हास. तिन्ही चित्रं माझ्याच दुकानात आतल्या भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, कारण वर तिच्या खोलीत छत गळायचं.

दोतुनचं उलट. तो ओजेच्या बाजारात विणलेलं कापड विकणाऱ्या बाईचा एकुलता एक मुलगा. त्याच्या चित्रांत टॅक्सीतळ, बोचकी, भांडणारे कंडक्टर. सकाळी सुरू केलेलं चित्र दुपारी जेवणात अमाला खायच्या वेळेला वाळत घातलेलं असायचं. हात केहिंदेपेक्षा चांगला होता, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण गॅलरीवाले चित्र पाहायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, यामागे काय आहे? एकदा तो चिडून मला म्हणाला, “मागे भिंत आहे, अल्हाजा. आणखी काय सांगू त्यांना? मला टॅक्सी आवडतात.”

मी म्हटलं, “मग टॅक्सीनं तुझा बाप चिरडला असं सांग.”

मी गमतीनं म्हटलं होतं. त्याच्या वडिलांना झोपेतच मरण आलं होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. पण तो हसला नाही हे मला आठवतं.

डिसेंबरात, वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची वीज गेलेली, माझी करवत बंद, आणि दोतुन दाराशी बसून उसाचं कांडं चावत होता. केहिंदे गावाहून एक फोटो घेऊन आली. चौकटीला वाळवी लागली होती. मी पाचर काढून फोटो सुटा केला. दोन पाच-सहा वर्षांच्या मुली, एक लांब स्टूल, दोघी त्याच्या दोन टोकांवर बसलेल्या. मधोमध केसाएवढी रेघ. मी ती रेघ पुसायला फडकं घेतलं.

“ती जाणार नाही,” केहिंदे म्हणाली. “तिथं जोडलाय. तुम्हाला दोघी दिसतात ना? दोन्ही मीच आहे.”

मग तिनं सांगितलं. तायवो गोवरात गेली. आजीच्या काळी असं झालं की लाकडाची बाहुली कोरून घेत, तिला न्हाऊमाखू घालत, जेवू घालत, म्हणजे गेलेलं जुळं रागावत नाही आणि राहिलेल्याला बोलावून नेत नाही. पण चर्चच्या पाळकांनी बाहुलीला मनाई केली. तेव्हा आईनं तिला फोटोवाल्याकडे नेलं. तिथं आधी तिला तिच्या लाल झग्यात स्टुलाच्या डाव्या टोकाला बसवलं. मग वेण्या सोडून दुसऱ्या बाजूनं घातल्या, तायवोचा पिवळा झगा चढवला आणि उजव्या टोकाला बसवलं. दोन्ही एकत्र छापले. तेव्हापासून आई दर महिन्याला त्या फोटोपुढे लाल तेलातली चवळी ठेवते आणि मग गल्लीतल्या पोरांना वाटते.

“आई उजवीकडच्या मुलीला तायवो म्हणते,” केहिंदे म्हणाली. “पण ती तिथं बसलीच नव्हती. माझ्या जागी मी, तिच्याही जागी मीच. तेव्हापासून मी तिला बसायला जागा करून देतेय. दुसरं काही काढत नाही मी.”

दोतुननं ऊस चावायचा थांबवला होता. त्यानं हळूच विचारलं, “दुसऱ्यांदा बसलीस तेव्हा डोळे तुझेच ठेवलेस, की तिच्यासारखे केलेस?”

केहिंदे त्याच्याकडे बघत राहिली. “तिच्यासारखे करायला गेले. तर पाणी आलं. फोटोवाला म्हणाला, हलू नको, हेच राहू दे.”

चांगला प्रश्न होता तो. इतका चांगला प्रश्न मी सात वर्षांत केहिंदेला विचारला नव्हता. मला वाटलं, पोरगा सुधारतोय.

फेब्रुवारीत दोतुननं दोन कॅनव्हास एका मापाचे मागितले, शेजारी शेजारी लागणारे. मी ताणले आणि मागे लिहिलं: ४१८ अ, ४१८ ब, दोतुन, जोडी, बारा फेब्रुवारी. मग आणखी एक जोडी. मग आणखी. मार्चमध्ये बोदिजातल्या एका गॅलरीच्या मालकीणबाईनं, मादाम ओरेकोयानं, त्याला स्वतःच्या आवारात काम करायला खोली दिली आणि तो वरच्या मजल्यावरून निघून गेला. कॅनव्हास तिकडेच न्यायचा, चौकटीला मात्र माझ्याकडेच पाठवायचा. पहिली जोडी चौकटीला आली तेव्हा मी ती उताणी केली. डावीकडे एक मुलगा बाकड्यावर बसलेला, रंग दाट, हात नेहमीसारखाच सरस. उजवीकडे तेच बाकडं, आणि मुलाच्या जागी कोरा कॅनव्हास.

मला काय कळायचं ते त्याच क्षणी कळलं. मी चौकट बसवली, कोपरे गुण्याला लावून पाहिले आणि पाठवून दिली.

मी काय करायला हवं होतं ते आता सगळेच सांगतील. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की निम्म्या ओयो प्रांतात जुळी आहेत, रिकामं बाकडं कोणाच्या बापाचं नाही. दोतुन मला ‘माझ्या अल्हाजा’ म्हणायचा. वादळात पत्रे उडाले तेव्हा छपरावर तोच चढला होता. केहिंदेचा एक कॅनव्हास व्हायचा तेवढ्यात त्याचे वीस व्हायचे. ही सगळी खरी कारणं आहेत. बाबा लावुयींच्या मातीच्या हाकेइतकी खरी.

जूनच्या शेवटी केहिंदेनं धीर केला आणि आपल्या तीन चित्रांचे फोटो घेऊन मादाम ओरेकोयाकडे गेली. मला काही विचारलं नाही, विचारलं असतं तर मी तरी काय म्हणाले असते कोण जाणे. परत आली ती धापा टाकत. मला वाटलं, कळलं हिला. पण तिचा चेहरा उजळला होता.

मादामनी चित्रं नाकारली होती. फार गोड शब्दांत. आमच्याकडे सध्या अगदी असंच काम करणारा एक चित्रकार आहे, तोही मागे राहिलेलं जुळं, त्याच्या शेजारी तुझं काम त्याची नक्कल वाटेल, असं म्हणाल्या. आणि रविवारी त्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटन आहे, ये, भेट घालून देते.

“नकार दिला आणि तू हसतेस?” मी म्हटलं.

“अल्हाजा, आणखी कोणीतरी आहे,” ती म्हणाली. “माझ्यासारखं. त्यालाही ती जागा रंगवता येत नाही. कोरी सोडतो म्हणे. मला वाटायचं, मलाच काहीतरी झालंय.”

नाव विचारलंस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, रविवारी कळेलच. आणि ती बाजारात चवळी निवडायला गेली.

रविवारी दुपारी ती निळ्या ठशांचं कापड नेसून खाली आली, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. रात्रभर भिजवून, लाल तेलात शिजवलेली चवळी. जुळ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायला तिला बरं वाटेना. मला म्हणाली, चला ना, एकटीला भीती वाटते. मोकोलापासून बोदिजा टॅक्सीनं वीस मिनिटं. मी तिला खिडकीशी बसवलं, म्हणजे ती बाहेर बघेल. वीस मिनिटं बरीच असतात. तेवढ्यात माणसाला सगळं सांगून, रडू देऊन, परत फिरवूनही आणता येतं. मी ड्रायव्हरशी त्याच्या घसरणाऱ्या क्लचबद्दल बोलले.

गॅलरीत गर्दी होती. दाराशी अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत आणि भिंतीवर एक भला मोठा मजकूर. केहिंदे आधी तो वाचायला थांबली. दोतुनचं नाव वर होतं, तरी तिला पटकन अर्थ लागला नाही. तिच्या चेहऱ्यावर मला फक्त आश्चर्य दिसलं, की अरे, हा आपला दोतुन, आणि यानं कधी सांगितलं नाही. मग ती पुढे वाचत गेली. गोवर. फोटोवाला. स्टुलाची दोन टोकं. मधली जोडाची रेघ. ‘दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी त्याच्यासारखे डोळे करायला गेलो आणि पाणी आलं.’

ती तिथंच उभी राहिली. मजकूर संपला होता, तरी ती वाचत होती.

दोतुन आमच्याकडे आला. पळून गेला नाही हे त्याच्या बाजूचं लिहून ठेवायला हवं. लोकांकडे पाठ करून खालच्या आवाजात म्हणाला, “केहिंदे, तुझी सात वर्षांत तीन चित्रं. ती पण दुकानात, भिंतीकडे तोंड करून. कोणी पाहिलंच नसतं तिला. इथं बघ, किती लोक बघतायत.”

“बघायला नव्हती ती,” केहिंदे म्हणाली. “बसायला होती.”

तेवढ्यात दारात गलका झाला. दोतुनची आई आली होती, अंगभर जांभळं विणकाम, डोक्यावर तसलंच कापड शिडासारखं ताठ बांधलेलं. ओजेत चाळीस वर्षं बसलेली बाई. बाजार तिला इया दोतुन म्हणतो, दोतुनची आई. पण इथल्या बायकांनी भिंतीवरचा मजकूर वाचला होता. एकीनं गुडघा टेकवून तिला ‘इया इबेजी’ म्हणून हाक मारली, जुळ्यांची आई, आणि मग सगळ्यांनीच. ही हाक आमच्यात साधी नाही. जुळ्यांच्या आईला बाजारात वाट देतात. म्हातारीनं आधी मागे वळून पाहिलं.

“कोणाला म्हणतायत ह्या?” तिनं मला विचारलं. “माझ्या मागे कोणी उभं आहे का, रिस्कात?”

एक निवृत्त हेडमास्तर त्याच वेळी दोतुनला विचारत होते की जुळा आहेस तर दोतुन कसा, तायवो किंवा केहिंदे का नाही. दोतुन पाठ केल्यासारखं म्हणाला की त्याचं घरातलं नाव तायवोच होतं, भाऊ गेल्यावर सोडून दिलं. आईनं ते ऐकलं. मी तिच्या शेजारीच होते. तिच्या तोंडावर काही हललं नाही, फक्त तिनं पर्स या हातातून त्या हातात घेतली.

आणि केहिंदे तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, मोठ्या माणसापुढे बसतात तशी, डबा शेजारी जमिनीवर ठेवून. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं तिला एक शेवटची संधी द्यायची होती, दोतुनला नाही, स्वतःलाच. असेलही खरं. असंच एक घर आणखी कुठे असेलही.

“इया, एक विचारू? जो गेला, त्याचं नाव काय होतं?”

सरबताचे पेले थांबले. म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. दोतुननं हातातला पेला खाली ठेवला, लहान मुलं मार बसायच्या आधी हातातलं ठेवून देतात तसा. नाही म्हणणं एका शब्दाचं काम होतं. पण चाळीस वर्षं कापड विकलेल्या बाईला दहा गिऱ्हाइकांसमोर आपला माल खोटा आहे असं म्हणायची सवय नसते, आणि हा तर तिचा एकुलता एक माल. मुलानं तायवो म्हटल्यावर दुसरं नाव एकच उरत होतं.

“केहिंदे,” ती म्हणाली. “केहिंदे नाव होतं त्याचं.”

गुडघ्यांवर बसलेल्या केहिंदेनं ते ऐकलं. आपलं नाव गेलेल्याच्या जागी ऐकलं. हळहळ सगळीकडून ऐकू आली. ती उठली, डबा उचलला आणि दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरला.

“मग दर महिन्याला जेवू घालत जा, इया. उपाशी ठेवू नका त्याला. ही आजची.”

म्हातारीनं डबा घेतला. न घेऊन करते काय, तिच्यावर सगळ्यांचे डोळे होते. केहिंदे दारातून बाहेर पडली. मी तिच्या मागे गेले नाही. मला वाटलं, तिला एकटं राहायचं असेल. माझ्याकडे अशी ‘मला वाटलं’ नेहमी तयार असतात.

ती वरच्या खोलीत परत आली नाही. चुलतबहिणीकडे राहते असं कळलं. तिची तीन चित्रं आणि नव्या चौकटीतला फोटो माझ्याकडेच राहिला.

सप्टेंबरात दोतुनची आई दुकानात आली. डबा घासून आणला होता, आणि कापडात गुंडाळलेला एक फोटो. मी उघडला. सात-आठ वर्षांचा दोतुन, शाळेच्या गणवेशात, आणि शेजारी पुन्हा तोच दोतुन, सदऱ्याचा रंग मात्र हिरवा. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं दहा मिनिटांत करून दिला होता. मधली रेघसुद्धा नव्हती.

“चांगली चौकट घाल,” ती म्हणाली. “आणि आमच्या पाळकांपर्यंत जाऊ देऊ नकोस.”

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती चवळी शिजवते आणि ओजेतल्या पोरांना वाटते, असं तिनं सांगितलं. पोरं खूश आहेत. तिला झोप लागत नाही.

“इया, तुम्हाला माहीत आहे ना की दुसरा कोणी नव्हताच?” मी विचारलं.

“मला नाही माहीत तर कोणाला माहीत? अकरा वर्षं वाट पाहून एक झाला. आणि त्यानं मला न विचारता माझा दुसरा जन्माला घातला आणि पुरलासुद्धा.” तिनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. “पण मी तोंडानं हो म्हटलंय. भरल्या लोकांत नाव ठेवलंय त्याचं. आता उपाशी ठेवला आणि तो माझ्या खऱ्याला न्यायला आला तर? दोतुन हसतो. म्हणतो, आई, ती नुसती गोष्ट होती. मी म्हटलं, मग तू सांगायचं होतंस ना मला, कशी संपते ते.”

मी माप घेत होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ती पोरगी. तिचं नाव केहिंदे होतं, हे मला नंतर कळलं. तुला आधीपासून माहीत होतं का सगळं?”

“मी चौकटी करते, इया. चित्रं नाही करत.”

“हं,” ती म्हणाली. “मीही कापडच विकते.”

चार दिवसांनी केहिंदे आली. सकाळची वेळ होती. मी तिला पाणी दिलं, बस म्हटलं, ती उभीच राहिली. चित्रं घेऊन गावी जातेय म्हणाली, आईकडे. बाकावर म्हातारीनं आणलेला फोटो चौकटीत तयार होता. केहिंदेनं दोन्ही दोतुन नीट निरखून पाहिले. रडली नाही, हसलीही नाही. बोटानं मधली जागा चाचपून पाहिली, जिथं रेघ असायला हवी होती.

मग ती आपली चित्रं घ्यायला आतल्या भिंतीकडे वळली. तिथं दोतुनची पहिली जोडी ठेवली होती, पालथी. विकत घेणाऱ्यानं कोपऱ्याची पाचर सैल झाली म्हणून परत पाठवलेली. तिला वाटेतून सरकवायला केहिंदेनं हात घातला आणि थांबली. मागच्या लाकडावर माझं अक्षर आहे, मोठं आणि स्वच्छ. वडिलांनी गिरवून घेतलेलं.

“बारा फेब्रुवारी,” तिनं वाचलं. “जोडी.”

मी रंधा हातात घेतला. लाकूड कुठलं समोर आहे ते पाहिलं नाही.

“मी मादामकडे जूनमध्ये गेले,” ती म्हणाली. “आल्यावर तुम्हाला सांगितलं की आणखी कोणीतरी आहे. तुम्ही विचारलंत, नाव विचारलंस का.”

“केहिंदे, मला वाटलं...”

“मला पकड द्या.”

मी दिली. तिनं आपली तीन चित्रं एकेक करून आडवी ठेवली आणि खिळे उपसायला लागली. लाकूड तुमचं, कापड माझं, एवढंच म्हणाली. मी मदतीला पुढे झाले तर तिनं कोपर मध्ये धरलं. तीन चित्रांचे खिळे काढायला चांगला तास लागतो, सवय नसलेल्या हाताला जास्त. एक खिळा तिच्या तळव्यात गेला, तिनं तळवा चोखला आणि पुढचा खिळा काढला. सगळे कॅनव्हास तिनं रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळले, बरोबर, रंगाला भेगा जाऊ नयेत म्हणून गुंडाळतात तसे. हे तिला मीच शिकवलं होतं. आईचा तो जोडलेला फोटो पिशवीत घातला. फळीवरचा डबा ओळखून घेतला.

दारात ती थांबली. “अल्हाजा, त्या दिवशी टॅक्सीत तुम्ही मला खिडकीची जागा दिली होती.”

“हो.”

“मला वाटलं, मायेनं दिली.”

ती चढ उतरून गेली. गुंडाळी खांद्यावर लांब होती, लोक वाट देत होते.

तीन उघड्या चौकटी भिंतीशी राहिल्या, प्रत्येकीच्या मागे तिचं नाव. दुपारी दोतुनचा निरोप आला: आणखी एक जोडी हवी आहे, माप तेच. केहिंदेच्या दोन चौकटी त्या मापाला अगदी बरोबर बसत होत्या. त्या मी वापरल्या नाहीत. नवीन लाकूड कापलं, कोपरे जुळवले, कॅनव्हास ताणला, टिचकी मारून आवाज ऐकला. मग पालथा करून पेन्सिल घेतली. नंबर लिहिला. नाव लिहिलं. माप लिहिलं.

तारीख मी हल्ली लिहीत नाही.